मॅलकीची जागा

नूलाने हॅमच्या सँडविचांची चळत तळव्याने दाबली आणि चारही बाजूंच्या कडा सुरीने उतरवल्या. कडा घरच्यांसाठी, बिनकडांची सँडविचं बिशपसाठी आणि पक्षासाठी, असा या घरचा रिवाज होता. बिशप आजवर एकदाच येऊन गेले होते. पक्ष आज येणार होता.

"पुन्हा म्हण," सुरी न थांबवता ती म्हणाली.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिची आई, अट्रॅक्टा, काळ्या लोकरी कपड्यांत हात मांडीवर ठेवून बसली होती. शाळेत कविता म्हणायला उभं केलेल्या मुलीसारखी समोरच्या भिंतीकडे बघत ती म्हणाली:

"तुम्ही विचारलंत, हाच मोठा मान. पण मी आता थकले. मॅलकीचं काम नूलाला ठाऊक आहे. तिला विचारा."

"'ठाऊक आहे'नंतर जरा थांब. एकदम 'तिला विचारा' म्हटलंस तर पाठ केल्यासारखं वाटतं."

"पाठच केलंय की."

"ते त्यांना कळायला नको, मॅमी."

अट्रॅक्टाने पुन्हा म्हटलं. 'ठाऊक आहे'पाशी ती थांबली, आणि थांबली ती इतकी, की नूलाने मान वर केली. आई खिडकीतून फाटकाकडे बघत होती.

"अजून अवकाश आहे त्यांना," नूला म्हणाली.

"त्यांना नाही बघत," आई म्हणाली. "आज शनिवार ना."

नूलाने कडा एका बशीत गोळा केल्या आणि केक कापायला घेतला.

नूलाच्या वडिलांना, खासदार मॅलकी मलरेननला, जाऊन महिना झाला होता. गुरांच्या बाजारात नव्या शेडचं उद्घाटन होतं. फीत कापून झाली आणि भाषणाला उभं राहण्याआधी तो खाली बसला, तो बसलाच. फीत कापून झालेली असल्यामुळे शेड रीतसर उघडली की नाही याबद्दल कौन्सिलमध्ये दुमत झालं नाही. भाषण नूलाच्या पर्समध्ये होतं. ते अजून तिथेच होतं.

गेलेल्या माणसासाठी महिन्याची मिस्सा होईपर्यंत दुःखाच्या घरात राजकारणाचा शब्द काढायचा नाही, हे या भागात सगळेच पाळत. मिस्सा शुक्रवारी झाली. चर्चच्या पायऱ्यांवरच पक्षाचा इथला अध्यक्ष बार्टली हेशन याने टोपी काढून विचारलं, की उद्या दुपारी मी आणि डब्लिनचा एक माणूस जरा डोकावलो तर चालेल का. चालेल, असं नूलानेच सांगितलं.

खासदार गेला की त्याची जागा कुणाला द्यायची, हा प्रश्न या मुलखात फारसा अवघड नसे. शवपेटीच्या मागून जी पहिली चालते ती उमेदवार. काळ्या कपड्यांतल्या बाईविरुद्ध मत द्यायला दगडाचं काळीज लागतं, आणि तसं काळीज असलेली माणसंही पोटनिवडणुकीच्या दिवशी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भिडेने घरीच बसतात. डब्लिनला संसदेत अशा एक-दोन विधवा कायम असत. नूलाने त्यांना वरच्या सज्जातून पाहिलं होतं. मागच्या बाकावर, पर्स मांडीवर धरून, घंटा वाजली की उठायच्या, मत द्यायच्या आणि पुन्हा बसायच्या. संसदेत बायका आहेत का असं एखाद्या परदेशी पाहुण्याने विचारलं, की पक्ष त्यांच्याकडे अभिमानाने बोट दाखवी. त्यांचा आवाज कसा आहे हे मात्र तिथल्या लघुलेखकांनाही माहीत नव्हतं.

जिथे मुलगा असे तिथे विधवेलाही कुणी विचारत नसे. मलरेननांना मुलगा नव्हता. मुलगी होती, पण मुलगी म्हणजे चहा.

नूला छत्तिशीची होती. शाळेतली नोकरी सोडून ती वडिलांच्या कामाला लागली त्याला इतकी वर्षं झाली होती, की आपण आधी काय शिकवत होतो हे तिला आठवून पाहावं लागे. मॅलकीची पत्रं ती लिही, भाषणं ती लिही, आणि मॅलकी ती नको तिथे थांबत मोठ्या ढंगात वाची. कुठल्या वाडीत पाण्याची लाइन कुठवर आली आहे, कुठल्या म्हातारीचं पेन्शन कुणाच्या टेबलावर अडलं आहे, हे मॅलकी भर सभेत तिच्या कानाशी वाकून विचारी, आणि लोक म्हणत, बघा, मुलीवर किती जीव आहे. ती जागा तिला हवी होती. तहान लागल्यावर पाणी हवं असतं इतकी साधी गोष्ट होती ती, आणि ती गोष्ट तिने आजवर कुणापाशी काढली नव्हती.

ऑफिस म्हणजे काही दुःखाचं घर नव्हे, म्हणून त्याआधी सोमवारीच बार्टली तिच्या शहरातल्या ऑफिसात येऊन गेला होता.

बार्टली जमिनींचे लिलाव करी आणि गेलेली माणसं पुरायचं कामही करी. दोन्ही धंद्यांना एकच काळा सूट चाले. टोपी गुडघ्यावर ठेवून त्याने नूलाला समजावलं, की पक्षाचं ठरलंय, अट्रॅक्टाच. पण अट्रॅक्टा बुजरी बाई, पहिल्या फटक्यात नाही म्हणणार. तेव्हा शनिवारपर्यंत तिला तयार करायचं काम तुझं. ते तुझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही, पोरी.

"आणि ती नाहीच म्हणाली तर?" नूलाने विचारलं होतं.

"तर माझी पंचाईत," बार्टली म्हणाला होता. "डब्लिनची माणसं मंगळवारी तारीख जाहीर करणार. दुसरं नाव शोधायला वेळ कुठाय?"

दुसरं नाव त्याच्या समोर, टेबलाच्या पलीकडे बसलेलं होतं. बार्टलीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा. मग त्याने टोपी घातली.

"बघते," नूला म्हणाली होती.

आणि तिने बघितलं. त्याच संध्याकाळी तिने आईला सांगितलं, की पक्षाला मीच हवी आहे, पण रीत म्हणून आधी तुला विचारतील. तू नाही म्हटलंस की त्यांचीही सुटका होईल. आई भांडी पुसत होती. हातातली बशी तिने दोनदा पुसली.

"त्यांना तू हवी आहेस?"

"हो."

"बरं झालं," आई म्हणाली. त्यावर आणखी काही विचारलं नाही. नूलाला त्या रात्री झोप लागली नाही असं काही झालं नाही; तिला छान झोप लागली.

गाडीचा आवाज आला तेव्हा किटली उकळतच होती. अट्रॅक्टा उठली, आरशात न बघता केस सारखे केले आणि पुढच्या खोलीत जाऊन बसली. ही खोली पाहुण्यांची. पाद्री, डॉक्टर आणि गेल्या महिन्यात मॅलकीची शवपेटी एवढ्यांनीच तिचा अलीकडे वापर केला होता. दलदलीतून कापून वाळवलेल्या पीटचा विस्तव सकाळपासून पेटवूनही खोलीतला गारठा हटला नव्हता.

बार्टली आत आला तो दोन्ही हात पसरून. त्याने अट्रॅक्टाचा हात दोन्ही हातांत घेतला आणि तो पुरेसा वेळ तिथेच राहू दिला. डब्लिनच्या माणसाचं नाव डेझमंड फॅनिंग. किडकिडीत, चष्म्याचा, बूट चिखलाने भरलेले. या रस्त्यांवर गाडी हाकल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जो भाव येतो तो त्याच्या चेहऱ्यावर होता. त्याने मिसेस मलरेनन यांना पक्षाच्या वतीने, पक्षाध्यक्षांच्या वतीने आणि स्वतःच्या वतीने अशी तीनदा सहानुभूती व्यक्त केली. नूलाकडे बघून त्याने मान लववली आणि ओव्हरकोट तिच्या हातात दिला.

मग चहा झाला. सँडविचं झाली. राजकारणाची माणसं कामाचं बोलायला आली की आधी काय बोलतात ते सगळं झालं. गवताला यंदा ऊन मिळालं नाही. अंत्ययात्रेला किती गर्दी होती. विरोधी पक्षाचा म्हातारा क्विल्टर लंगडत का होईना पण कबरीपर्यंत चालत आला, हे कसं त्याच्या मोठेपणाला शोभलं. फादरनी प्रवचन किती आखूड ठेवलं. मॅलकीचं नाव निघे तेव्हा बार्टली "देव त्याला शांती देवो" म्हणे, आणि फॅनिंग प्रत्येक वेळी कप खाली ठेवून थांबे, त्यामुळे त्याचा चहा काही संपेना.

नूला आत-बाहेर करत होती. तिच्या आयुष्याचा निकाल लागायच्या खोलीत ती दूध घेऊन येई, साखर घेऊन जाई. बार्टली एकदा तिच्याकडे बघून हलकेच डोळा मिचकावून गेला. त्याचा अर्थ, तयार केलीस ना. नूलाने त्याच्या बशीत केकचा मोठा तुकडा ठेवला.

शेवटी फॅनिंगने चष्मा पुसला.

तो चांगलं बोलला. पक्षावर कसं संकट आलं आहे, सरकारचं बहुमत कसं एका जागेवर लटकतं आहे, मॅलकीसारखा माणूस पुन्हा होणे नाही, आणि त्याच्या मतदारांना या दुःखात धीर देईल असं एकच नाव पक्षाच्या डोळ्यांपुढे कसं आहे. अट्रॅक्टा त्याच्या बुटांकडे बघत होती. ती घाबरू नये म्हणून असेल, पण फॅनिंगने आवाज अजून मऊ केला.

"तुम्हाला काही म्हणजे काही करावं लागणार नाही, मिसेस मलरेनन. भाषणं नाहीत. कुणी प्रश्न विचारणार नाही. डब्लिनला राहायची सोय एका चांगल्या घरी, कॉन्व्हेंटच्या शेजारीच. घंटा झाली की आमचा माणूस येऊन तुम्हाला आत घेऊन जाईल. आठवड्याचे दोन, फार तर तीन दिवस."

"आणि मी आहेच," बार्टली म्हणाला. "आणि नूला आहेच. कागदपत्रं सगळी तीच बघेल, आतापर्यंत बघत होती तशी. तू फक्त बस, अट्रॅक्टा."

नूला दाराच्या चौकटीत चहाची किटली धरून उभी होती. हे सगळं तिच्या पथ्यावर पडत होतं. तीन दिवस डब्लिनला, अनोळखी घरात, अनोळखी माणसांत नुसतं बसायचं. आई लग्नानंतर एकदा डब्लिनला गेली होती, घोड्यांचं प्रदर्शन बघायला, आणि दुसऱ्याच दिवशी डोकं दुखतंय म्हणून परत आली होती. फॅनिंग जितकं गोड बोलेल तितकं 'नाही' जवळ येणार होतं.

अट्रॅक्टाने कप टेबलावर ठेवला.

"तुम्ही विचारलंत, हाच मोठा मान," ती म्हणाली.

बार्टलीने समाधानाने पाय पसरले.

"पण मी आता थकले."

"थकणारच. कोण नाही थकणार?" बार्टली म्हणाला.

"मॅलकीचं काम नूलाला ठाऊक आहे."

आणि ती थांबली. शिकवल्याप्रमाणे थांबली, छान थांबली. नूलाला ओठ हलवावेसे वाटले, पुढचा शब्द तिला आपल्याच जिभेवर जाणवत होता. विस्तवातला पीटचा तुकडा ढासळला. फॅनिंग मान तिरकी करून वाट बघत होता.

"लोक कुठे येतील?" अट्रॅक्टाने विचारलं.

"कुठले लोक?" फॅनिंग म्हणाला.

"शनिवारचे."

फॅनिंगने बार्टलीकडे पाहिलं. बार्टलीने सांगितलं, की मॅलकी दर शनिवारी दरबार भरवायचा. लोक आपापली गाऱ्हाणी घेऊन यायचे. कुणाला पेन्शन, कुणाला घरात टेलिफोन, कुणाच्या रस्त्यावरचं गटार. इथेच, मागे, स्वयंपाकघरात. आता नूलाने ते शहरात हलवलंय, औषधाच्या दुकानाच्या माडीवर. चांगली जागा आहे, दारावर पाटीसुद्धा आहे.

"फाटकावरही आहे पाटी," अट्रॅक्टा म्हणाली. "इथे कुणी येऊ नये म्हणून."

"मॅमी, ती तुला आराम मिळावा म्हणून..."

"हो ना. तू म्हणाली होतीस." अट्रॅक्टा फॅनिंगकडे वळली, जणू त्या खोलीत हे समजू शकेल असा तोच एक माणूस होता. "मी शनिवारी किटली ठेवते. सवय आहे हो. सगळे कप काढते. मग गाडी थांबते फाटकाशी, पाटी वाचतात, आणि जातात. मिसेस टँझी तर गेल्या शनिवारी सायकलवरून उतरली होती. मी हात केला खिडकीतून. तिनेही केला. आणि गेली शहराकडे, त्या पावसात."

बार्टलीने केकचा उरलेला तुकडा तोंडात टाकला.

"मी हो म्हटलं," अट्रॅक्टाने विचारलं, "तर शनिवारी ते इथे येतील? शहरात नाही, इथे?"

"मिसेस मलरेनन," फॅनिंग म्हणाला, "खासदार तुम्ही. तुम्ही म्हणाल तिथे."

"स्वयंपाकघरात?"

"तुम्ही म्हणत असाल तर गोठ्यात."

"मग हो," अट्रॅक्टा म्हणाली.

नूला पुढे झाली आणि फॅनिंगच्या कपात चहा ओतू लागली. कप भरला, मग बशी भरली. फॅनिंगने बशी हळूच उचलून बाजूला ठेवली तेव्हा तिने किटली सरळ केली.

बार्टली उठून उभा राहिला. त्याने अट्रॅक्टाचं अभिनंदन केलं, तिचं धैर्य मॅलकी वरून बघत असेल असं सांगितलं, देव त्याला शांती देवो म्हणाला, आणि कपाटात मॅलकीची व्हिस्की कुठे असते हे कुणी न सांगता त्याने ती काढली. आईने नको म्हटलं. फॅनिंगने थोडीशी घेतली. बार्टलीने उरलेल्या सगळ्यांच्या वाटची घेतली आणि ग्लास हातात घेऊन तो नूलाकडे आला. त्याचे डोळे खरोखर पाणावले होते. पुरताना पाणावत तसे नाही, खरे.

"हिचं कौतुक करा, डेझमंड," तो म्हणाला. "मी सोमवारी हिला सांगितलं होतं, तुझी आई नाही म्हणणार, तिला तयार कर. पक्षाला अट्रॅक्टाच हवी, दुसरं कुणी चालायचं नाही. तुझ्याशिवाय हे कुणाला जमायचं नाही, पोरी, असं म्हणालो होतो की नाही? दुसरी एखादी असती तर म्हणाली असती, आई कशाला, मीच उभी राहते. ही नाही. हिने करून दाखवलं."

फॅनिंगने उठून नूलाचा हात हातात घेतला. पक्ष हे विसरणार नाही, असं तो म्हणाला. तुझीही वेळ येईल, बार्टली म्हणाला, तुझी आई काय कायमची बसणार आहे, देव तिला उदंड आयुष्य देवो. मग आपण नेमकं काय म्हणालो हे लक्षात येऊन तो ग्लासात बघू लागला.

"सोमवारी?" अट्रॅक्टा म्हणाली.

"सोमवारीच," बार्टली उत्साहाने म्हणाला. "ऑफिसात. विचार तिला."

अट्रॅक्टाने तिला विचारलं नाही.

फॅनिंगला आता घाई होती. पोस्टरं सोमवारी छापायला जायला हवीत. फोटो आजच, उजेड आहे तोवर. कॅमेरा गाडीत होता. तो आणायला दोघे बाहेर गेले, बार्टली रस्त्यातले खड्डे दाखवायला म्हणून. पुढच्या खोलीत मायलेकी उरल्या. नूला कप उचलू लागली. एकात एक कप घालताना तिच्या हातून आवाज फार होत होता.

"तू म्हणालीस, त्यांना तू हवी आहेस," आई म्हणाली.

नूलाने ट्रे उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"मला वाटलं, खरंच हवी आहेस तू त्यांना," आई म्हणाली.

"आणि तरी तू हो म्हणालीस."

अट्रॅक्टाने बोटातली अंगठी फिरवली. ती आता सैल झाली होती, सहज फिरत होती.

"हो," ती म्हणाली. "तरी म्हणाले."

बाहेर बार्टली हसत होता. गाडीचं दार आपटलं. नूलाला वाटलं, आपण अजून एक वाक्य बोलायला हवं, आईलाही तसंच वाटत असावं, कारण तिने तोंड उघडलं होतं. तेवढ्यात पायऱ्या वाजल्या आणि फॅनिंग कॅमेरा घेऊन आत आला.

फोटो कुणी काढायचा हा प्रश्नच नव्हता. मॅलकीचे सगळे फोटो नूलाने काढलेले, पोरीला नजर आहे, असं बार्टलीने सांगून टाकलं. अट्रॅक्टाला खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवण्यात आलं. मागचा पडदा बाजूला केला. फॅनिंगने तिच्या कॉलरवरचा एक धागा काढला. पोस्टरवर नाव आणि चेहरा, बाकी काही नको, तो म्हणाला. घोषणा वगैरे अशा वेळी शोभत नाहीत.

"हसू का?" अट्रॅक्टाने विचारलं.

"छे छे," बार्टली म्हणाला. "हसायचं काय आहे त्यात. काहीच करू नकोस. नुसतं बघ. नूलाकडे बघ."

नूलाने कॅमेरा डोळ्याला लावला. त्या लहानशा चौकटीत आईचा चेहरा प्रथम अंधुक होता. तिने काच फिरवली. चेहरा स्पष्ट होत गेला, आणि पुरता स्पष्ट झाल्यावरही ती काच धरून राहिली. आई तिच्याकडे बघत होती. रागाने नाही. राग असता तर नूलाला बरं वाटलं असतं. आपलं काही गेलं आहे आणि ते घेणाऱ्याची झडती घ्यायला गेलं तर त्याच्याजवळही काही नाही, हे कळलेल्या माणसाने बघावं तशी ती बघत होती. आणि त्या बघण्यात स्वतःलाही ती सोडत नव्हती.

"झालं?" फॅनिंगने विचारलं.

नूलाने बटण दाबलं. आणखी एक काढून ठेवा, तो म्हणाला, असू द्यावा. दुसरा फोटो तसा आला नाही. आईने मान खाली घातली होती.

पोटनिवडणूक जूनमध्ये झाली. फाटकावरची पाटी अट्रॅक्टाने फोटो काढला त्याच संध्याकाळी स्वतः उपटून काढली होती, आणि पुढच्या शनिवारी स्वयंपाकघरात उभं राहायला जागा नव्हती. लोक ओले बूट घेऊन आले, मिसेस टँझी सायकल घेऊन आली. अट्रॅक्टा चहा ओतत सगळ्यांच्या मधून फिरत होती आणि कुणाच्या तरी गाढवाच्या गोष्टीला हसली, तेव्हा नूलाला ते हसू ओळखायला क्षणभर लागलं. नूला नेहमीच्या कोपऱ्यात बसून लिहून घेत होती. आई म्हणे, "नूलाला सांगा हो, ती लिहून घेईल," आणि लोक वळून नूलाला सांगत. दारावर तिचं नाव असलेली शहरातली खोली बार्टलीने प्रचारासाठी घेतली. तिथे आता खुर्च्या आणि खळीचे डबे होते.

प्रचार सोपा गेला. सहानुभूतीची लाट आहे, असं वर्तमानपत्रं म्हणाली, पण बार्टलीचं मत वेगळं होतं. लाट नाही, फोटो, तो म्हणे. तीस वर्षांत पक्षाचं असं पोस्टर झालं नाही. खांबाखांबावर, चर्चच्या कुंपणावर, दुधाच्या डेअरीच्या भिंतीवर ते लागलं होतं. बायका त्याच्यापुढे उभ्या राहत आणि छातीवर क्रूसाची खूण करत. विरोधी पक्षाच्या क्विल्टरनेसुद्धा कबूल केलं, की असल्या चेहऱ्यापुढे मी काय भाषण करू. असं दुःख काही आणून आणता येत नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं, आणि या भागात एकमत तसं दुर्मीळच.

मतदानाच्या आदल्या रविवारी पाऊस झाला होता. चर्चच्या फाटकाशी एक पोस्टर सुटून लोंबत होतं. नूलाने शिडी लावली, वर चढली आणि पोस्टर खांबाला पुन्हा धरलं. एवढ्या जवळून ते डोळे हाताच्या पंजाएवढे होते.

मिस्सेहून परतणारी एक म्हातारी खाली थांबली. डोक्यावरचा रुमाल मागे सारून ती बराच वेळ वर बघत राहिली.

"काय जीव होता गं बाईचा नवऱ्यावर," ती म्हणाली.

"हो," नूला म्हणाली, आणि तारेला आणखी एक पीळ दिला.